लहान चण, मोठी चण आणि कपड्यांचा नंबर

वजन उतरवण्याचा निश्चय बहुधा दोन आकड्यांत मांडला जातो : एक काट्यावरचा, किलोंतला, आणि दुसरा कपड्यावरचा, म्हणजे जीन्स तीसची बसावी, ब्लाउज छत्तीसचा व्हावा किंवा कुर्ती डबल एक्सएलवरून एलवर यावी असा. हे आकडे ठरवताना व्यक्तीच्या चणीचा, म्हणजे हाडांच्या लांबी-रुंदीने घडलेल्या तिच्या सांगाड्याच्या आकारमानाचा, विचार क्वचितच होतो, आणि झालाच तर तो काटा हलेनासा झाल्यावर, ‘आमचं हाडच जाड’ या सबबीच्या रूपाने होतो. वास्तविक चण कपड्यांच्या मापात पुष्कळ बोलते, वजनात त्या मानाने थोडेच बोलते, आणि महाराष्ट्रातील माणसांच्या प्रकृतीविषयी तर ती अनेकदा चक्क खोटी साक्ष देते. या तीन गोष्टी एकमेकींत मिसळल्यामुळेच या विषयातील बहुतेक गैरसमज उभे राहिले आहेत.

वाशीमहून पुसदकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे अनसिंग हे आसपासच्या खेड्यांचे बाजाराचे गाव. अशा गावांत चण ओळखणारे दोन कारागीर पूर्वापार असतात, एक कासार आणि दुसरा शिंपी. बांगडीचे माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असे सांगितले जाते, त्यातील पहिला आकडा इंचांचा आणि दुसरा इंचाच्या सोळाव्या भागांचा, म्हणून दोन-चारची बांगडी आतून सव्वादोन इंच व्यासाची आणि दोन-आठची अडीच इंचांची भरते. बांगडी अडते ती मनगटावर नव्हे, तर अंगठ्याच्या मुळाशी, पंजाच्या सर्वांत रुंद भागावर. तेथे हाड जास्त आणि चरबी कमी असल्यामुळे पोटावरून बरेच मांस उतरले तरी बांगडीचे माप सहसा फारसे खाली येत नाही. हात हातात घेऊन, अंगठा आत दुमडून, पंजा हलकेच दाबून पाहणारा कासार त्या क्षणी ग्राहकाची चणच अजमावत असतो.

वैद्यकाने हेच काम दोन रीतींनी केले. पहिल्या रीतीत उंचीला मनगटाच्या घेराने भागतात, दोन्ही मापे सेंटिमीटरमध्ये घेऊन; स्त्रियांमध्ये भागाकार ११ पेक्षा अधिक आला तर चण लहान, १०.१ ते ११ आला तर मध्यम आणि त्याहून कमी आला तर मोठी समजतात, आणि पुरुषांसाठी याच सीमा १०.४ आणि ९.६ अशा धरतात. १५२ सेंटिमीटर उंचीच्या स्त्रीचे मनगट साडेतेरा सेंटिमीटर असेल तर ती लहान चणीची ठरते, साडेचौदा असेल तर मध्यम आणि साडेपंधरा असेल तर मोठ्या चणीची. म्हणजे साऱ्या मध्यम गटाची रुंदी जेमतेम सव्वा सेंटिमीटर आहे, आणि टेप थोडा सैल धरला तरी माणूस एका गटातून दुसऱ्यात जातो. दुसऱ्या रीतीत हात कोपरात काटकोनात वाकवून कोपराच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या उंचवट्यांमधले अंतर मोजतात. ही रीत अधिक भरवशाची, कारण त्या जागी कातडीखाली चरबी जवळजवळ नसते.

या वर्गवारीचा उगम मात्र दवाखान्यात नाही, तो विम्याच्या कचेरीत आहे. अमेरिकेतील मेट्रोपोलिटन लाइफ या आयुर्विमा कंपनीने १९४०च्या दशकाच्या प्रारंभी, लुई डब्लिन या संख्याशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली, कोणत्या उंचीला किती वजन असणारे विमेदार अधिक जगतात याची कोष्टके काढली आणि प्रत्येक उंचीपुढे लहान, मध्यम व मोठी अशी चणीची तीन घरे आखली. गंमत अशी की तेव्हा विमेदारांची चण कोणी मोजलीच नव्हती. वजनांचा पसारा फार मोठा दिसला म्हणून तो तीन भागांत वाटून दिला गेला. कोपराच्या मापाचा आधार या कोष्टकांना १९८३च्या आवृत्तीत मिळाला, आणि तोही मधल्या निम्म्या लोकसंख्येला मध्यम म्हणायचे, दोन्ही टोकांच्या पावपाव भागाला लहान व मोठे म्हणायचे, अशा हिशेबाने. त्या आवृत्तीत एक इंच टाचेच्या बुटांसह पाच फूट उंच असलेल्या स्त्रीला लहान चणीसाठी सुमारे ४७ ते ५२ किलो, मध्यम चणीसाठी ५१ ते ५७ आणि मोठ्या चणीसाठी ५५ ते ६२ किलो वजन, कपड्यांसह, योग्य मानले आहे. बूट आणि कपडे वजा केले तर यातील ६२ किलोंचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोंतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, जवळजवळ २७ निघतो. आजच्या भारतीय निकषाप्रमाणे ही सरळसरळ स्थूलता आहे. ज्या कोष्टकाने गोऱ्या अमेरिकन विमेदारांना सवलत दिली, त्याच कोष्टकाची सवलत अनसिंगच्या स्त्रीने स्वतःला लावून घेतली तर तिचे नुकसानच होईल.

महाराष्ट्रातील शरीरांचे मोजमाप झालेच नव्हते असे नाही. बर्लिनमध्ये मानवशास्त्र शिकून आलेल्या इरावती कर्वे यांनी संख्याशास्त्राचे जाणकार वि. म. दांडेकर यांच्यासह महाराष्ट्रीयांच्या शरीरमापनाचा ग्रंथ सिद्ध केला आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजने तो १९५१ साली प्रसिद्ध केला. परंतु त्यातील प्रश्न समाजगटांमधील साम्य-भेदाचा होता, प्रकृतीचा नव्हता. चणीचा संबंध आजाराशी जोडणारे काम पुढे पुण्यातच झाले. के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास हाती घेतला. तेथील नवजात बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी केली तेव्हा इकडची बाळे सरासरी सुमारे २.७ किलोंची आणि तिकडची ३.५ किलोंची दिसली. पण हा तोटा सर्व अवयवांनी सारखा सोसलेला नव्हता. पुण्याच्या बाळांचे स्नायू आणि पोटातील इंद्रिये लहान राहिली होती, पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र बरीचशी टिकून होती. चण बारीक आणि आत मेद, अशी ही घडण आईच्या पोटातच तयार होते, हे त्यातून पुढे आले.

याच गोष्टीचा मोठेपणीचा दाखला याज्ञिकांनी स्वतःच्या देहावरून दिला. २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी आपले छायाचित्र व मोजमाप शेजारी-शेजारी छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स नेमका २२.३, परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याच सुमारास जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी सावधगिरीची रेषा २५ वरून २३ वर आणण्यास पुष्टी दिली, आणि २००९ साली भारतीय वैद्यांच्या सहमतीने येथे २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता मानण्याचे ठरले. चणीचा यातील वाटा पीटर डॉयरेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बीजिंग, सिंगापूर व नेदरलँड्स येथील लोकांची मनगटे आणि गुडघे मोजून आधीच दाखवला होता : सडपातळ बांध्याच्या माणसात तोच इंडेक्स अधिक चरबी लपवतो. ‘हाड जाड आहे’ ही सबब म्हणूनच मराठी मुलखात सहसा लागू पडत नाही. येथे बहुतेकांचा प्रश्न हाड बारीक असण्याचा आहे. तालमीत मेहनत केलेला पैलवान हा अपवाद, आणि तो अपवाद पोट सुटलेल्या प्रत्येक गृहस्थाने आपल्या नावावर करून घेऊ नये.

हाडाचे वजन तरी किती असते? प्रौढ माणसाच्या साऱ्या हाडांतील खनिज मिळून साधारण दोन ते साडेतीन किलो भरते, त्यामुळे जाड आणि बारीक हाडांतील खनिजाचा फरक किलो-दीड किलोच्या फार पलीकडे जात नाही. मोठ्या चणीवर स्नायू अधिक चढतात, त्यांचे वजन धरून ही तफावत वाढते हे खरे, परंतु १५२ सेंटिमीटर उंचीला १८.५ ते २३ या निरोगी पट्ट्यातच ४३ पासून ५३ किलोंपर्यंत दहा किलोंची मोकळीक आहे आणि चणीचा सारा फरक तेवढ्यात सुखाने मावतो. लहान चणीच्या स्त्रीने पट्ट्याच्या खालच्या भागात आणि मोठ्या चणीच्या स्त्रीने वरच्या भागात आपले लक्ष्य ठेवावे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ.

वजन उतरण्याच्या वेगावर मात्र चणीचा परिणाम याहून ठळक आहे, कारण विश्रांतीत खर्च होणारी ऊर्जा मुख्यतः चरबीवाचूनच्या देहावर, म्हणजे स्नायू आणि इंद्रियांवर, अवलंबून असते आणि लहान चणीत तेच कमी असतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली बैठे काम करणाऱ्या स्त्रीची गरज दिवसाला १६६० किलोकॅलरी सांगितली, पण ती ५५ किलो वजनाच्या, १६२ सेंटिमीटर उंचीच्या आदर्श स्त्रीसाठी. भारतीय स्त्रीची प्रत्यक्ष सरासरी उंची १५२ सेंटिमीटरच्या आसपास आहे. सेहेचाळीस किलोंच्या स्त्रीची गरज मुळातच बरीच खाली असते, आणि तिने रोजच्या पाचशे किलोकॅलरी कापण्याचा सरधोपट सल्ला पाळला तर ताटात जेमतेम काही उरत नाही, म्हणून नवऱ्याचे महिन्यात तीन किलो उतरले आणि आपला एकच उतरला याची खंत तिने करू नये. निंदण, कापसाची वेचणी, सोयाबीनची सोंगणी ही कामे करणाऱ्या हातांना ही गणिते क्वचितच लागली. हार्वेस्टर शेतात आणि मोटारसायकल दारात आल्यावर ती लागू लागली.

आता कपड्यांकडे वळू. टेलर वहीत उंची, तीरा, छाती, कंबर, सीट, मुंढा, बाही आणि गळा अशी मापे उतरवतो, तेव्हा एकाच ओळीत हाडाची आणि मांसाची मापे तो लिहीत असतो. तीरा हे एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे माप जवळजवळ पूर्णपणे हाडाचे, त्यामुळे वाढ पुरी झाल्यावर कितीही वजन उतरले तरी ते बदलत नाही. छातीच्या मापात बरगड्यांचा पिंजरा स्थिर आणि वरची चरबी अस्थिर, असा संयुक्त कारभार असतो; शिवाय गरोदरपणात पिंजऱ्याचा खालचा घेर वाढतो आणि तो प्रत्येकीत पूर्ववत होतोच असे नाही. सीटच्या मापात कटिबंधाची रुंदी आणि मांडीच्या हाडांची बाहेर आलेली टोके मोडतात, आणि वयाची विशी उलटल्यावरही कटिबंध वर्षानुवर्षे किंचित रुंदावत जातो, असे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या २०११ सालच्या अभ्यासात दिसून आले आहे. म्हणून पंचविशीतल्या लग्नाचा ब्लाउज किंवा कॉलेजातली जीन्स पन्नाशीत पुन्हा अंगात यावी हे लक्ष्य कित्येकांच्या बाबतीत हाडानेच अडवलेले असते, इच्छाशक्तीला त्याचा दोष देण्यात अर्थ नाही. कंबर तेवढी निराळी : शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडाच्या वरच्या धारेपर्यंत मागचा कणा सोडला तर भोवती एकही हाड नाही, जे काही आहे ते स्नायू, चरबी आणि आतडी. वजन उतरल्याची खरी नोंद तेथेच होते.

अनुभवी टेलर हे जाणतो, म्हणूनच तो ब्लाउजच्या बाजूच्या शिवणीत माया ठेवतो, म्हणजे पुढे सैल करता यावे इतके कापड आत दुमडून ठेवतो, आणि तीऱ्यात ती ठेवत नाही. रेडीमेड कपड्यात ही सोय नसते. तेथे एका आकड्याला किंवा अक्षराला सारी मापे बांधलेली असतात, आणि छातीला एल बसणाऱ्या रुंद खांद्याच्या बाईला मुंढ्यात काच पडतो म्हणून ती एक्सएल घेते व आपण एका नंबरने जाड आहोत अशी समजूत करून घेते. अमेरिकेत १९३९-४० मध्ये सुमारे पंधरा हजार स्त्रियांची प्रत्येकी एकोणसाठ मापे घेऊन नंबर ठरवण्याचा खटाटोप झाला, तरी पुढे कंपन्यांनी ग्राहकाला खूश करण्यासाठी तोच नंबर हळूहळू मोठ्या मापाला लावला; २००८ साली ‘टशन’ चित्रपटामुळे येथे गाजलेला ‘झिरो’ हा त्याच नंबरांच्या घसरणीतला एक टप्पा. भारताची स्वतःची प्रमाणित मापे असावीत म्हणून राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे निफ्टने, वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळाने पंधरा ते पासष्ट वयाच्या पंचवीस हजार लोकांची त्रिमितीय यंत्राने मापे घेण्याचा ‘इंडिया साइझ’ प्रकल्प हाती घेतला. तो सहा शहरांभोवती आखलेला आहे. लहानपणी अर्धपोटी राहिलेल्या पिढ्यांची खेड्यातली चण त्यात कितपत उतरेल, याविषयी शंका घ्यायला जागा आहे.

तोवर कपड्याचे लक्ष्य ठेवायचेच असेल तर ते नंबरात ठेवू नये, कमरेच्या मापात ठेवावे. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात ‘दीक्षित की दिवेकर’ असा, आहाराचा सल्ला देणाऱ्या दोघांच्या पद्धतींतला, वाद घरोघरी रंगला, त्यात किती वेळा खावे याची चर्चा भरपूर झाली आणि टेप कुठे धरावा याची फारशी झाली नाही. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची धार यांच्या बरोबर मध्यावर, श्वास सोडून झाल्यावर, पोट आत न ओढता टेप आडवा धरावा; नाडी जेथे बांधली जाते ती जागा याहून खाली असते आणि ते माप चालत नाही. भारतीय निकषाप्रमाणे स्त्रीची कंबर ८० आणि पुरुषाची ९० सेंटिमीटरच्या आत असावी, आणि लहान चणीच्या माणसाने याहून कडक असा, उंचीच्या निम्म्याहून कमी कमरेचा, दंडक पाळावा. १५२ सेंटिमीटर उंचीला तो ७६ सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तीस इंच येतो. काटा पन्नासच्या आत आहे म्हणून निर्धास्त असलेल्या बारीक हाडाच्या वाचकांनी हे माप सर्वांआधी घ्यावे, आणि ते मर्यादेबाहेर आले तर जवळच्या सरकारी दवाखान्यात उपाशीपोटी रक्तातील साखर तपासून घ्यावी.