आपत्ति आणि आपत्ती

हिंदीत ‘आपत्ति’ म्हणजे हरकत, मराठीत आपत्ती म्हणजे संकट. इंदूरच्या आम्हा मराठी माणसांना हा फरक लहानपणीच कळतो. माझ्या भाच्याने शेवेचा कारखाना काढायला घेतला, तेव्हा मात्र तो फरक उरला नाही.

कारखाना म्हणजे दोन भट्ट्या, दोन कढया, चार माणसं. अर्ज ऑनलाइन. बाराव्या दिवशी स्क्रीनवर ‘आपत्ति’ आली: नकाशात दाराची रुंदी फुटांत आहे, मीटरमध्ये द्या. दिली. मग दुसरी: भाडेकराराचं शेवटचं पान अस्पष्ट. तेही दिलं. मग तिसरी: शेजारच्या भिंतीपासूनचं अंतर लिहिलेलं नाही. तिन्ही उणिवा पहिल्या दिवसापासून त्याच कागदांत होत्या. एकदम सांगायला कोणी हात धरला होता? तोवर जागेचं भाडं चालू, आणि नव्या कोऱ्या कढया पोत्याखाली.

परवानग्या कमी करा म्हटलं की हमखास विचारतात, ‘भोपाळ विसरलात?’ प्रश्न हलका नाही, आणि आम्ही तर विसरूच शकत नाही. जानेवारी २०२५ मध्ये युनियन कार्बाइडचा ३३७ टन कचरा जाळण्यासाठी आमच्या शेजारी पीथमपुरात आणला, तेव्हा तिथले लोक रस्त्यावर उतरले होते. पण भोपाळचा दाखला देणाऱ्यांनी तो पुरता द्यावा. तो कारखाना काही चोरून चालत नव्हता, परवाना घेऊनच चालत होता. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री विषारी वायू सुटला तेव्हाही परवाना फायलीत शाबूत होता. त्या रसायनाची टाकी थंड ठेवणारी यंत्रणा मात्र काही महिने बंद होती. ती बंद आहे हे कागदावरून कळणार नव्हतं. तिथे जाऊन पाहायला हवं होतं.

इतकं लांब कशाला? ३० मार्च २०२३, रामनवमी. इथल्याच बेलेश्वर महादेव मंदिरात बावडीवरचा स्लॅब खचला आणि ३६ माणसं गेली. अतिक्रमणाबद्दलची महापालिकेची नोटीस आधीच निघालेली होती. कागद होता. कागदापुढे काही झालं नाही.

म्हणून माझं म्हणणं असं की परवानगी देणं आणि पहारा ठेवणं ही दोन निराळी कामं आहेत, आणि आपण पहिल्यालाच दुसरं समजून बसलो आहोत. ‘आमच्याकडे माणसंच नाहीत’ ही खात्यांची नेहमीची तक्रार. खरी असेलही. मग आहेत ती माणसं दाराची रुंदी फुटांतून मीटरमध्ये आणवण्यात का खर्ची घालता?

आता दुसरी बाजू, सरकारची. जानेवारी २०२३ मध्ये इंदूरलाच गुंतवणूकदारांचं संमेलन भरलं. १५ लाख कोटींहून अधिक रुपयांचे प्रस्ताव आल्याचा गाजावाजा झाला, आणि तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी जाहीर केलं की अधिसूचित औद्योगिक क्षेत्रांत उद्योग उभारणाऱ्याला तीन वर्षं परवानगी नको, तपासणीही नाही. पहिल्या अर्ध्याला मी टाळ्या वाजवीन. दुसऱ्या अर्ध्याने पोटात गोळा येतो. दार उघडं ठेवायचं तर राखणदार जागा हवा. इथे दार उघडलं आणि राखणदाराला तीन वर्षांची रजा दिली. शिवाय अधिसूचित क्षेत्रात भूखंड घेणाऱ्याकडे फायली फिरवायला पगारी माणूस असतो. गल्लीत शेव तळणाऱ्याकडे कोण असतं?

त्याच्यासाठी काय करायचं, हेही आपल्या राज्याला ठाऊक आहे. शेतजमिनीच्या ‘डायवर्शन’साठी, म्हणजे ती बिगरशेती करायला, पूर्वी एसडीएमच्या दारात बसावं लागे. २०१८ मध्ये कायदा बदलला: आपला आकार आपण काढा, भरा आणि कळवा. आभाळ कोसळलं नाही. २०१० चा लोकसेवा हमी कायदा तर देशात पहिला. मुदत चुकली की अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० दंड. (अलीकडे ५,००० रुपयांत इंदुरात दुकानाची पाटीही धड रंगवून मिळत नाही, ते असो.) पण भाच्याच्या प्रत्येक ‘आपत्ति’बरोबर अर्ज परत त्याच्याच अंगणात येऊन पडला आणि दिवस नव्याने मोजले गेले. दप्तरात उशीर झालेलाच नाही!

तेव्हा हरकत घ्यायची तर एकदाच, सगळी, लेखी आणि घेणाऱ्याच्या नावानिशी. मुदत संपली की परवानगी मिळाली असं धरावं. धोका कमी तिथे नुसतं कळवणं पुरे. आणि जिथे आग, वायू, आम्ल आहे तिथे न सांगता येऊन बघणारा माणूस हवा, पहिल्या दिवसापासून. कोणाची तपासणी करायची हे त्याने ठरवू नये, यादीतून निघावं. नाहीतर तो हप्त्यालाच येईल.

भाच्याची परवानगी अखेर आली. शेव बरी खपते, लवंगेची जास्त. भट्टीमागे गॅसचे चार सिलिंडर उभे असतात, तिथून बाहेर पडायची वाट जेमतेम हातभर. नकाशात ती नाही. कारखाना सुरू झाल्यापासून ती बघायला कोणी आलेलं नाही.