उपवास सुटला, पण...

गेल्या नवरात्रात सगळे पाथर्डीजवळच्या मोहटादेवीला गेलो होतो. भाचीने नऊ दिवस कडक उपवास धरलेले. सगळ्यात जास्त कौतुक मीच केलं! दसऱ्याला उपवास सुटले, पण पोरगी जेवेना. जेवलीच तर गुपचूप ओकून टाकायची. मी म्हटलं, "नाटकं पुरे!"

चुकलंच माझं. ही नाटकं नव्हेत, आजार आहे. उपासमारीने पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात. वारंवार ओकल्याने रक्तातलं पोटॅशियम घटतं, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात.

उपवासाला माझा विरोध नाही. पण उपवासाला पारणं असतं, या आजाराला नसतं. पारण्यानंतरही ताट सरकवणाऱ्या पोरीला रागावू नका, डॉक्टरांकडे न्या, मानसोपचारतज्ज्ञांकडेही. आम्ही नेलं, जरा उशिराच.

असो. काल तिने वरणभात मागून घेतला.