रोजची भाकर, रोजची परीक्षा

आज नाताळ. वसईच्या वाड्यांतून आणि गोव्याच्या गावागावांतून काल मध्यरात्री प्रार्थनेच्या घंटा निनादल्या असतील. दारोदारी आकाशकंदील लागले असतील. गाईगुरांच्या गोठ्यात जन्मलेल्या बाळ येशूचे देखावे मुलांनी हौसेने मांडले असतील. आमच्या अनेक वाचकांच्या घरी आज शेजारून नेवऱ्यांचे आणि दोदोलाचे ताट येईल. दिवाळीत आपल्याकडून गेलेल्या ताटाची ही गोड परतफेड. या देवाणघेवाणीत महाराष्ट्राचे सौजन्य आहे. परंतु ताट स्वीकारताना एक प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही, तो आज आम्ही मुद्दाम विचारीत आहोत. हा शेजारी आपला धर्म वर्षाच्या उरलेल्या दिवसांत कसा जगतो? सणाचा दिवा विझल्यावर त्याची श्रद्धा कोणत्या उजेडात चालते?

याचे उत्तर शोधताना ख्रिस्तचरित्रातील जन्मकथेपेक्षा वेगळ्याच एका प्रसंगाकडे वळावे लागते. यार्देन नदीत बाप्तिस्मा घेतल्यानंतर येशू अरण्यात गेला आणि त्याने ४० दिवस उपवास केला. तेव्हा सैतान त्याच्यापुढे उभा राहिला. या धोंड्यांच्या भाकरी कर, मंदिराच्या शिखरावरून उडी टाकून दाखव, मला नमन कर म्हणजे जगातील सारी राज्ये तुझी, असे तीन मोह त्याने घातले. आपल्या पुराणांतील तपस्व्यांचा तपोभंग करावयास अप्सरा येतात. येथे मोह प्रथम येतो तो भाकरीच्या रूपाने. भूक काही पाप नव्हे आणि भाकर काही वाईट वस्तू नव्हे. म्हणूनच ही कथा संसारी माणसाला जवळची वाटावी. मोह आपल्या दारी दुष्टपणाचा वेष घेऊन क्वचितच येतो. मुलांची फी, घराचे भाडे, आजाऱ्याचे औषध, चारचौघांतील अब्रू अशा रास्त गरजांची वस्त्रे पांघरून तो येतो आणि उंबऱ्यावर आपण त्याला ओळखीत नाही.

येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकविली आणि जी ख्रिस्ती घरांतून आजही म्हटली जाते, तिच्यातील मागण्या पाहिल्या तर त्या अशाच घरगुती आहेत. भाकर मागावयाची ती आजच्या दिवसापुरती. क्षमा मागावयाची, पण आपण इतरांना जशी केली असेल तशी. आणि परीक्षेपासून सांभाळ म्हणून विनवावयाचे. वर्षाचा साठा, शत्रूचा नाश किंवा लौकिकाची प्राप्ती यांतले काहीच मागितलेले नाही. उच्चारावयास सोपी आणि आचरावयास कठीण अशी ही प्रार्थना आहे.

ती आचरताना माणसाची किती ओढाताण होते, हे पाहावयास पॅलेस्टाईनला जाण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाई टिळकांचे जीवन आपल्या भाषेत आपल्यापुढे उघडे आहे. त्यांचे पती, कवी नारायण वामन टिळक, यांनी १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. एका कर्मठ ब्राह्मण घरावर वीज कोसळावी तसा हा आघात होता. आमच्या वाचकांना आजही त्या घराचे दुःख कळेल, आणि ते हलके लेखण्याचा आमचा हेतू नाही. पतीचा जाणूनबुजून दुरावा, पदरी लहान मूल, आणि नातलगांची व समाजाची बोलणी, हे सारे लक्ष्मीबाईंनी सुमारे पाच वर्षे सोसले.

पुढे त्या पतीकडे परतल्या, पण श्रद्धा बदलून नव्हे. आपले सोवळेओवळे आणि आपला वेगळा स्वयंपाक सांभाळूनच त्या तेथे राहू लागल्या. त्यांच्या मनात पहिली गाठ सुटली ती जातीची. देवाने माणूस निर्माण केला, जाती त्याने घडविल्या असतील काय, हा प्रश्न त्यांनी स्वतःशी विचारला आणि उत्तर मिळताच कोणाच्याही हातचे पाणी घेण्याचा निश्चय केला. ख्रिस्तावरील विश्वास त्यानंतर जडला आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शुद्धतेचा अभिमान हा सज्जनांनाच होणारा मोह आहे. तो त्यांनी आधी स्वयंपाकघरात जिंकला. धर्ममंदिराची पायरी मागाहून चढली.

दीक्षेने संसार मात्र सोपा झाला नाही. टिळक उदार, तितकेच तापट आणि लहरी. घरातले उचलून गरजवंताला द्यावे आणि चालती नोकरी एका क्षणात सोडावी, असा त्यांचा स्वभाव. त्या औदार्याचा हिशेब रोज चुलीपाशी मांडावा लागे तो लक्ष्मीबाईंना. त्या रागावल्या, भांडल्या, रुसल्या. आणि पुन्हा क्षमा करून उभ्या राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ या ग्रंथात त्यांनी हे काहीच झाकून ठेवलेले नाही. १९१९ साली टिळक निवर्तल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य, शाळेचे रीतसर शिक्षण न मिळालेल्या या बाईंनी पुढे नेले. संत म्हणवून घेण्याचा सोस त्यांना कधी नव्हता. त्यांची श्रद्धा पडत, ठेचाळत, हसत चालणारी होती. म्हणूनच ती खरी वाटते.

खुद्द टिळक सांगत की, तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो. अभंग, भजन आणि कीर्तन हे आपले धन त्यांनी नव्या घरातही जपले. यात नवल नाही. अंतरी अहोरात्र चाललेले युद्ध तुकोबांना ठाऊक होते. दुकानाच्या हिशेबात आणि दुष्काळाच्या झळांत त्यांची भक्ती कसाला लागली होती. देहूच्या वाण्याला जे कळले होते तेच नासरेथच्या सुताराने सांगितले, असे म्हटल्याने दोन्ही धर्मांतील भेद पुसला जात नाही, आणि तो पुसण्याची आवश्यकताही नाही. भेद राहोत, पण काम, क्रोध, लोभ, मोह, मद आणि मत्सर हे सहा चोर दोन्ही घरांच्या भिंतींना सारखेच भोक पाडतात, हे विसरून कसे चालेल?

धर्मांतराच्या प्रश्नावरून आपल्या समाजात आजही मने दुखावतात. त्या वादाचा निर्णय एका अग्रलेखाने होणार नाही. आम्ही एवढेच म्हणू की, कोणत्याही श्रद्धेची पारख तिच्या जयघोषावरून होत नाही. वरकमाईचे पाकीट परत करणाऱ्या कारकुनाच्या हातात, रात्रपाळीत कण्हणाऱ्या रोग्याजवळ न कंटाळता बसलेल्या परिचारिकेच्या डोळ्यांत, अबोला धरलेल्या भावाकडे आधी आपण होऊन गेलेल्या माणसाच्या पावलांत ती दिसते. असा कारकून, अशी परिचारिका, असा भाऊ ख्रिस्ती घरात आहे तसा आपल्याही घरात आहे. आणि कसोटीला न उतरलेलेही दोन्हीकडे आहेत. आम्ही स्वतःला त्यांतून वगळीत नाही.

तेव्हा आज शेजारचे ताट येईल तेव्हा ते दोन्ही हातांनी घ्यावे. घटकाभर बसवून शेजाऱ्याची विचारपूस करावी. त्याच्या प्रार्थनेतील आजची भाकर, आजची क्षमा आणि आजची परीक्षा या तीन गोष्टी आपल्याही देवघरात सांजवातीच्या वेळी आठवण्याजोग्या आहेत. उद्या सणाचे दिवे उतरतील. दोन्ही घरांतील माणसे पुन्हा आपापल्या कामाला लागतील, आणि खरे व्रत तेथून सुरू होईल. ते निभावण्याचे बळ सर्वांस लाभो, या प्रार्थनेसह आमच्या ख्रिस्ती बांधवांना आम्ही नाताळच्या हार्दिक शुभेच्छा देतो.