खोली देणाऱ्याचे काय?

माझे बालपण भिवंडीत, यंत्रमागांच्या खडखडाटात गेले. शाळेतून येताना हनुमान टेकडीकडे वळायचे नाही, एवढी ताकीद घरून असे. का, ते कुणी सांगत नसे. आईने ती वाट आमच्यापुरती पुसूनच टाकली होती.

पण अल्पवयीन मुलगी कुंटणखान्यात पोचते ती एकटी चालत नव्हे. कुणी तिला गाडीत बसवतो, कुणी खोली देतो. गिऱ्हाइकावर आपण संतापतो. हे बाकीचे मात्र ‘पोटासाठी करतात बिचारे’!

२०१२ च्या पॉक्सो कायद्याला हे बिचारेपण मान्य नाही. चिथावणी, कटातला सहभाग, जाणूनबुजून केलेली मदत ही कलम १६ नुसार अपप्रेरणा. धाक दाखवून वा अगतिकतेचा फायदा घेऊन मुलाला या कामासाठी आणणे, ठेवून घेणे हीही मदतच. त्यातून गुन्हा घडला, तर कलम १७ प्रमाणे शिक्षा मूळ गुन्ह्याचीच.

आणि नुसते गप्प बसणारा? कलम १९ म्हणते, असा गुन्हा कळला की पोलिसांना सांगितलेच पाहिजे. न सांगणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मला ही शिक्षा थोडीच वाटते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे प्रकरण २०१९ मध्ये उघडकीस आले. माहीत असून कळवले नाही, असा आरोप तिथल्या मुलींना तपासणाऱ्या डॉक्टरांवर होता. उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला; सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निर्णय फिरवला. न कळवणे हा गंभीर गुन्हा आहे, असे न्यायालयाने बजावले.

हे वाचताना मला आमच्या मागची चाळ आठवली. २०१८ साली तिथे एक ‘मावशी’ भाड्याने राहायला आली. सोबत चौदा-पंधरा वर्षांची मुलगी. संध्याकाळी अनोळखी पुरुष येत. बायको दोनदा म्हणाली, ‘‘चौकीवर सांगून या.’’ मी म्हणालो, ‘‘उगाच कशाला? खोटे निघाले तर?’’ सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कसलीही कारवाई होत नाही, हेही त्या कलम १९ मध्येच लिहिले आहे. मी तेव्हा ते वाचले नव्हते. पण खरे सांगायचे तर वाचले असते तरी गेलो असतो की नाही, कोण जाणे.

महिनाभरात खोलीला कुलूप लागले. बायकोने तो विषय पुन्हा काढलेला नाही.