आठवीनंतरचा रस्ता

मुलांनो, शाळेला फी नाही, वर्गात जागा आहे, गुरुजी आहेत. तरी मुलगी शाळेत येत नाही. का बरं? "घरच्यांना शिक्षणाची किंमत नाही," असं म्हणून मोठी माणसं मोकळी होतात. मला काही ते पटत नाही. पुष्कळदा उत्तर अगदी साधं असतं. शाळा लांब असते!

बिहारचंच बघा. प्राथमिक शाळा गावात, पण हायस्कूल मात्र चार-पाच गावांत मिळून एखादं. आठवी झाली की मुलगा कुणाच्या तरी सायकलवर डबलसीट बसून जाई. मुलीनं काय करायचं? शेताशेतातून, सुनसान रस्त्यानं तीन-चार किलोमीटर चालायचं आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचं. आईवडिलांच्या जिवाला घोर! शिवाय पाणी भरणं, धाकटी भावंडं सांभाळणं आहेच. (ही कामं मुलानं का करू नयेत, हे मात्र कुणी विचारत नाही.) मग काय, दप्तर खुंटीला.

२००६ साली बिहार सरकारनं एक योजना काढली. नववीत नाव घातलेल्या मुलीला सायकल घ्यायला दोन हजार रुपये! तेही शाळेत समारंभ करून, सगळ्या गावादेखत. त्यामुळे पैसे मधल्यामध्ये गडप होणं अवघड झालं. हळूहळू रस्त्यावर मुलींचे घोळकेच्या घोळके सायकलवरून जाताना दिसू लागले. एकटीची भीती घोळक्यात उरत नाही, नाही का? २००९ पासून मुलांनाही सायकली मिळू लागल्या.

आता जरा डोकं चालवा. नववीत मुली वाढल्या हे खरं, पण त्या सायकलमुळेच वाढल्या कशावरून? त्याच सुमारास रस्तेही सुधारत होते. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी हे कोडं छान सोडवलं. शेजारचं झारखंड २००० सालापर्यंत बिहारचाच भाग होतं, पण तिथं ही योजना नव्हती. त्यांनी दोन्हीकडच्या मुलामुलींची तुलना केली. बिहारमध्ये योजनेमुळे हायस्कुलात जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं होतं. मुलगे आणि मुली यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली होती. आणि जास्त फरक कुठं पडला होता? जिथून हायस्कूल तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होतं तिथं! म्हणजे काम सायकलचंच, बरं का.

अर्थात सायकल शाळेच्या दारापर्यंतच नेते. आत गेल्यावर शिकवायचं काम आम्हा मास्तरांचं, तिथं सायकलचा काय उपयोग?

आपल्याकडे काही तालुक्यांत मुलींसाठी एसटीच्या निळ्या गाड्या धावतात, त्याही याच अंतरावरचा उपाय. आफ्रिकेतल्या झांबियात २०१७ साली शाळेपासून तीन किलोमीटरपेक्षा लांब राहणाऱ्या पाचवी ते सातवीच्या मुलींना दणकट सायकली दिल्या. त्यांचा वाटेतला वेळ सुमारे एक तृतीयांशानं कमी झाला, उशिरा पोचणं आणि दांड्याही घटल्या. आणि पंक्चर झालं तर? त्याचीही सोय होती. तिथल्याच काही लोकांना सायकल दुरुस्तीचं काम शिकवलं होतं.