औषध, पैसा आणि पत्र एकाच हाती

१३ नोव्हेंबर १९५६ च्या पहाटे पुण्याहून निघालेली रात्रीची पॅसेंजर मुंबईच्या व्हीटी स्थानकात पोचली, तेव्हा तिच्यातल्या एका बाईला शुद्ध नव्हती. बरोबरच्या डॉक्टरने तिला टॅक्सीत घालून गोकुळदास तेजपाल रुग्णालयात, म्हणजे मुंबईकरांच्या जी. टी. त, नेले. केसपेपरवर नाव लिहिले गेले इंदुमती पोंक्षे. आजाराबद्दल विचारले तेव्हा डॉक्टर झटक्यांविषयी बोलला. सकाळी साडेअकराच्या सुमारास बाई गेली. मृत्यूच्या दाखल्यावर कारण पडले, मधुमेहामुळे आलेली बेशुद्धी.

पुण्यात या बाईंना सगळे लक्ष्मीबाई कर्वे म्हणून ओळखत. पोंक्षे हे माहेरचे नाव. त्यांना घेऊन आलेला डॉक्टर होता अनंत चिंतामण लागू. त्याच्यावरचा खटला आजही देशभरातल्या विधी महाविद्यालयांत शिकवला जातो आणि विषप्रयोगाचे प्रकरण कोर्टात उभे राहिले की दोन्हीकडचे वकील तो उघडतात.

लक्ष्मीबाईंचे यजमान सुखवस्तू व्यापारी होते. १९४५ मध्ये ते वारले. शेवटच्या दुखण्यात त्यांच्यावर उपचार करणारे दोघे डॉक्टर भाऊ, त्यांतला एक हा लागू. पुढे या भावांचे बिऱ्हाड शुक्रवार पेठेतल्या कर्व्यांच्याच घरात आले. घरमालकीण विधवा, मधुमेहाची आणि क्षयाची रोगी, भाडेकरू डॉक्टर. दोन मुलांपैकी धाकटा १९५४ मध्ये गेला, थोरल्याशी संबंध ताणलेले. बाईंकडे शेअर्स होते, बँकेत शिल्लक होती, अंगावर दागिने होते आणि नवऱ्याच्या मृत्युपत्राने घरात राहण्याचा हक्क होता. इंजेक्शन द्यायला डॉक्टर घरातच. बँकेत जायला, लाभांशाचे कागद बघायला, सह्या कुठे करायच्या ते दाखवायलाही तोच. अशा सोयीबद्दल त्या काळच्या कोणत्याही पेठेत शेजारणींनी बाईंना नशीबवानच म्हटले असते.

मुंबईला जाण्याचे निमित्त होते एका तज्ज्ञ डॉक्टरकडच्या तपासणीचे. तपासणीची वेळ १३ तारखेच्या दुपारची ठरलेली होती. ती वेळ झाली तेव्हा रोगी जिवंत नव्हता.

मृत्यूनंतर जे घडले, त्यावर हा सगळा खटला उभा राहिला. वॉर्डातल्या डॉक्टरांच्या मनात शंका होती. शवविच्छेदनाची नोंदही झाली होती. ते झाले नाही. रुग्णालयाने पुण्याला तार केली. लागू प्रेत न्यायला आला नाही. कलकत्त्याला मृत बाईचा भाऊ असतो, तो येईल, असे त्याने सांगितले होते. तसा भाऊच नव्हता. बेवारस म्हणून प्रेत शवागारात पडून राहिले आणि शेवटी वैद्यकीय विद्यार्थ्यांना विच्छेदनासाठी देण्यापर्यंत गोष्ट गेली. तिथल्या एका शिपायाला गळ्यावर एक खूण दिसली, तिचा संशय आला, म्हणून २३ नोव्हेंबरला, म्हणजे मृत्यूनंतर दहा दिवसांनी, शवविच्छेदन झाले. पोटातल्या अवयवांत कोणतेही विष सापडले नाही. पुण्यात हक्काचे घर असलेली बाई मुंबईत बिननावाची होऊन गेली.

पुण्यात मात्र लक्ष्मीबाई जिवंत होत्या. निदान टपालात तरी होत्या. नातलगांना आणि ओळखीच्यांना त्यांची पत्रे येऊ लागली. आपण यात्रेला निघालो आहोत, जयपूरकडच्या कुणा जोशी नावाच्या गृहस्थांशी आपण लग्न केले आहे, आता तिकडेच राहणार, आपला शोध घेऊ नये, असा त्यांतला मजकूर. पन्नाशीकडे झुकलेली, सतत औषधावर असलेली पुण्याची विधवा कुणालाही न सांगता राजपुतान्यात संसार थाटते, हे पत्र वाचून किती जणांनी ते खरे मानले असेल? काहींनी नक्कीच मानले. पुनर्विवाहाची कुजबूज माणसांना शोध घेण्यापासून रोखायला पुरेशी असते. लाजेखातर कुणी खोलात जात नाही. पत्रे लिहिणाऱ्याला आपला समाज चांगला कळत होता. दरम्यान शेअर्सची हस्तांतरे होत होती, बँकेतले पैसे निघत होते, आणि त्या कागदांवर मेलेल्या बाईची सही होती. काही सह्या जिवंतपणी कोऱ्या कागदावर घेतलेल्या, काही बनावट.

बाईंच्या परिचयातल्या दोघांना हे पटले नाही. त्यांनी अर्ज केले, पोलिसांचा पाठपुरावा केला. १९५८ च्या मार्चमध्ये लागूला अटक झाली, तेव्हा मृत्यूला सोळा महिने लोटले होते. पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी दिली, मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १४ डिसेंबर १९५९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अपील फेटाळले. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी लिहिला. विष सापडले नाही म्हणजे विष दिलेच नाही असे होत नाही, हे त्यांनी सविस्तर मांडले. विषप्रयोग चोरूनच होतो. औषधशास्त्र जाणणारा माणूस असे विष निवडू शकतो की ते मागे खूण ठेवत नाही. आणि दहा दिवस पडून असलेल्या शरीरात ते मिळेलच याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून न्यायालयाने आरोपीच्या वागण्याकडे पाहिले. ओळख लपवणारे नाव, नसलेला भाऊ, न उचललेले प्रेत, मेलेल्या बाईची पत्रे आणि तिच्या पैशावर पडलेला हात. निष्पाप माणूस यातली एकही गोष्ट कशाला करेल?

त्या पीठातल्या न्यायमूर्ती सरकार यांचे मत मात्र वेगळे पडले. मृत्यू अनैसर्गिक होता हेच मुळात निःसंशय सिद्ध झालेले नाही, असे त्यांना वाटले. पैसे लुबाडणे, खोटी पत्रे लिहिणे हे गुन्हे खरे, पण मधुमेहाने मेलेल्या बाईच्या मृत्यूचा फायदा घेणारा लबाडही असाच वागला असता. हा मुद्दा हलका नाही. एखाद्याला फासावर देताना त्याचे विष कोणते हेही सांगता येत नसेल तर न्यायाधीशाची झोप उडाली पाहिजे. तरीही संपूर्ण घटनाक्रम एका ओळीत ठेवला की बहुमताचाच निष्कर्ष खरा वाटतो. मृत्यू अचानक आला असता तर ओळख लपवणारे माहेरचे नाव रुग्णालयाच्या दारातच तयार कसे होते? प्राण जाण्याआधीच ओळख पुसण्याची तयारी झालेली होती.

अशा खटल्यांत जगभर गाजलेला एक खटला लंडनचा आहे. फ्रेडरिक सेडन हा विमा कंपनीचा अधिकारी. टॉलिंग्टन पार्क भागातल्या आपल्या घराचा वरचा मजला त्याने जुलै १९१० मध्ये एलायझा बॅरो नावाच्या अविवाहित बाईला भाड्याने दिला. इथे भाडेकरू श्रीमंत आणि घरमालक लोभी. बाईंकडे १६०० पौंडांचे रोखे होते, आणि ते हिंदुस्थान सरकारच्या कर्जाचे होते. शिवाय एका दारूच्या गुत्त्याचा आणि न्हाव्याच्या दुकानाचा भाडेपट्टा. वर्षभरात हे सगळे सेडनच्या नावावर झाले. मोबदल्यात बाईंना आयुष्यभर ठरावीक रक्कम द्यायची होती. आयुष्य जितके लवकर संपेल तितका सेडनचा फायदा, असा तो करार. १४ सप्टेंबर १९११ ला बाई जुलाबांनी गेल्या. डॉक्टरने प्रेत न पाहताच दाखला दिला. सेडनने त्यांना गरिबांच्या सामाईक खड्ड्यात पुरले आणि अंत्यविधीचे सामान पुरवणाऱ्याकडून साडेबारा शिलिंग दलालीही घेतली.

हे उघडकीला आले ते बाईंच्या चुलतभावामुळे. त्याला मृत्यूची बातमीच उशिरा कळली आणि पैशाबद्दल विचारता सेडनची उत्तरे बसेनात. नोव्हेंबरात प्रेत उकरले, विल्कॉक्स आणि स्पिल्सबरी यांना त्यात आर्सेनिक मिळाले. माश्या मारायच्या कागदांतून ते आले असा फिर्यादी पक्षाचा दावा. खटला चालवणारे ॲटर्नी जनरल रुफस आयझॅक्स पुढे लॉर्ड रीडिंग झाले आणि १९२१ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आपल्याकडे आले. सेडनची बायको सुटली, सेडनला १८ एप्रिल १९१२ ला फाशी झाली.

या दोन खटल्यांत एकात विष सापडले, दुसऱ्यात नाही. देश वेगळा, घरमालक-भाडेकरूचे नातेही उलटे. सारखी आहे ती व्यवस्था. आजारी एकट्या बाईचे औषध, पैसा आणि बाहेरच्या जगाशी असलेला पत्रव्यवहार एकाच माणसाच्या हातात गेला होता. डॉक्टरचा दाखला एकदा हातात पडला की मृत्यू कायद्याने मिटला. त्यानंतर कुणी चौकशी केली तरच तो पुन्हा उघडतो.

पुण्याचेच आणखी एक प्रकरण इथे टाळता येत नाही. जून १९८२ मध्ये एका नवविवाहितेचा पोटॅशियम सायनाइडने मृत्यू झाला. शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या नावाने ते ओळखले जाते. या वेळी विष निर्विवाद होते, तरी १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपीला निर्दोष सोडले, कारण ते विष त्याच्याकडे होते आणि त्यानेच दिले हे पुराव्याने जुळले नाही. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे याच निकालात सांगितली आहेत. वकील मंडळी त्यांना पंचशील म्हणतात. विष सापडूनही दोष सिद्ध न होणे आणि विष न सापडता दोष सिद्ध होणे, हे दोन्ही निकाल पुण्यातून गेलेल्या खटल्यांवर आहेत. ते शेजारी ठेवून वाचले तर कळते, की विषाच्या गुन्ह्यात नंतर कोर्टाकडून फार अपेक्षा ठेवता येत नाहीत. वेळेवर प्रश्न विचारणारा माणूसच उपयोगाचा.

आणि असा प्रश्न विचारणारे जिथे कमी होत चालले आहेत, त्या पुण्याच्या धायरी उपनगराबद्दल हा स्तंभ या आठवड्यात आहे.

२०१७ मध्ये धायरी महापालिकेत आली, पण त्याआधीच सिंहगड रस्त्याच्या या टोकाला इमारती उभ्या राहिल्या होत्या. धारेश्वराच्या टेकडीच्या आजूबाजूला जिथे मळे होते तिथे आता सोसायट्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी सदनिकांत आई किंवा वडील एकटे राहतात. मुले बंगळुरूला, नाहीतर पार पलीकडे अमेरिकेत. पेठेतल्या वाड्यात निदान जिन्यावरून येणारे-जाणारे डोकावत. इथे दार लागले की लागले. कुणाकडे रात्रपाळीची ताई राहते, कुणी एक खोली भाड्याने देते, कुणाचा लांबचा भाचा 'काळजी घ्यायला' येऊन राहतो. यातली बहुतेक माणसे मनापासून करतात. त्यांच्याशिवाय या घरांचे पान हलणार नाही. त्यांच्याकडे संशयाने बघा असे सांगण्याचा इथे हेतू नाही.

पण गोळ्यांचा डबा भरणारा, मोबाइलवरचा ओटीपी वाचून दाखवणारा आणि मुलाचा फोन आला की 'आजी झोपल्यात' असे सांगणारा एकच माणूस असेल, तर शुक्रवार पेठेतली मांडणी पुन्हा जुळली असे समजावे. आज पत्र खोटे लिहावे लागत नाही. व्हॉट्सॲपवर 'मी बरी आहे' एवढे टाइप केले की पुरते. लक्ष्मीबाईंच्या थोरल्या मुलाला आलेल्या पत्रावर निदान अक्षर तरी तपासता आले.

म्हणून काही गोष्टी मुलांनी आजच कराव्यात. औषधे आणून देणारा आणि बँकेचे बघणारा हे दोघे वेगळे असावेत. फोनवर आवाज ऐकावा, चेहरा पाहावा, नुसत्या मेसेजवर राहू नये. कोऱ्या कागदावर, कोऱ्या चेकवर सही नको, समोर डॉक्टर असो वा पोटचा मुलगा. सांभाळण्याच्या अटीवर घर बक्षीसपत्राने दिले असेल आणि सांभाळ होत नसेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरण ते रद्द करू शकते. मात्र ती अट कागदावर लिहून घ्यावी. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे नोंदवायची असते, ती एजंटावर सोडू नये. आणि एकट्या माणसाचा मृत्यू अचानक झाला, नातलग पोचण्याआधी अंत्यसंस्काराची घाई दिसली, तर दाखला देणाऱ्या डॉक्टरने प्रेत पाहिले का, हे विचारायला लाजू नये.

सोसायटीच्या कमिटीला एक विनंती. खालच्या मजल्यावरच्या काकू आठवडाभर दिसल्या नाहीत आणि 'गावाला गेल्यात' असे उत्तर मिळाले, तर कोणत्या गावाला ते विचारा आणि त्यांच्या मुलाला फोन लावा. त्याचा नंबर आजच लिहून घ्या. मुलाशी संपर्क झाला नाही तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, आणि काही विपरीत वाटले तर ११२.