विश्लेषण : रोलच्या जमान्यातील लेन्सना डिजिटल कॅमेऱ्यांवर पुन्हा मागणी का?

फिल्म रोलचे कॅमेरे माळ्यावर गेले, पण त्यांच्या लेन्स परत आल्या आहेत. ‘हेलिओस’, ‘ताकुमार’ अशा अनेक दशकांपूर्वीच्या लेन्स हौशी छायाचित्रकार नव्या मिररलेस कॅमेऱ्यांवर लावत आहेत. ‘ड्यून : पार्ट टू’ (२०२४) या चित्रपटातही सोव्हिएत काळातील लेन्स वापरल्या गेल्या. मात्र जुनी लेन्स विकत घेण्यापूर्वी काही गोष्टी तपासणे गरजेचे आहे.

हे शक्य कशामुळे झाले?

लेन्स जिथे बसते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचे अंतर ठरलेले असते. एसएलआर कॅमेऱ्यात मध्ये आरसा असल्याने ते जास्त असते. निकॉन ‘एफ’मध्ये ते ४६.५ मिलिमीटर, तर आट्यांवर फिरवून बसणाऱ्या जुन्या ‘एम ४२’ लेन्ससाठी ४५.४६ मिलिमीटर आहे. मिररलेसमध्ये आरसाच नाही. त्यामुळे सोनी ‘ई’मध्ये हे अंतर १८ आणि निकॉन ‘झेड’मध्ये १६ मिलिमीटर आहे. उरलेली जागा अॅडॅप्टर नावाचे पोकळ कडे भरून काढते. त्यात काच नसल्याने फोटोच्या दर्जाला धक्का लागत नाही.

डीएसएलआरवर चालतील का?

कॅनन ‘ईएफ’चे अंतर ४४ मिलिमीटर असल्याने बहुतेक ‘एम ४२’ लेन्स त्यावर चालतात. निकॉनचे अंतर त्याहून जास्त आहे. साध्या अॅडॅप्टरने तिथे दूरचे दृश्य स्पष्ट येत नाही.

फायदा काय, तोटा काय?

धातूची मजबूत बांधणी आणि वेगळे ‘रूप’ हे फायदे. जर्मनीच्या झाइस ‘बायोटार’वर आधारित हेलिओस-४४ची पार्श्वभूमी भोवऱ्यासारखी फिरलेली दिसते. नव्या लेन्समध्ये जो दोष काढून टाकला जातो, तोच इथे आकर्षण ठरतो. मात्र ऑटोफोकस मिळत नाही आणि अॅपर्चरही हातानेच फिरवावे लागते. कॅमेऱ्यातील ‘फोकस पीकिंग’ स्पष्ट कडा रंगवून दाखवते, तेवढाच आधार. लहान, एपीएस-सी सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स साधारण ७५ मिलिमीटरएवढेच दृश्य टिपते, हेही लक्षात ठेवावे.

विकत घेताना काय पाहावे?

मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत सर्वांत मोठा शत्रू म्हणजे बुरशी. लेन्समधून मोबाइलचा टॉर्च दाखवला की कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. बुरशीने काचेवरचा लेप खाल्ला असेल, तर साफसफाईनंतरही डाग राहतात. अॅपर्चरच्या पात्यांवर तेल नाही ना आणि फोकसचे कडे अडकत नाही ना, हेही पाहावे. ५० मिलिमीटर एफ/१.४ ताकुमारच्या काही आवृत्त्यांच्या काचेत किरणोत्सारी थोरियम आहे. अशी काच कालांतराने पिवळी पडते. अतिनील प्रकाशात ठेवल्यास पिवळेपणा कमी होतो. ती घासू वा फोडू मात्र नये.

कोणी घ्यावी?

लग्नसमारंभ, खेळ किंवा पळती मुले टिपायची असतील, तर ऑटोफोकसची नवी लेन्सच बरी. व्यक्तिचित्र, फुले, स्थिर वस्तू यांसाठी सवड असेल, तर जुनी लेन्स शिकवतेही बरेच. मागणीबरोबर नावाजलेल्या लेन्सच्या किमतीही वाढल्या आहेत. त्यामुळे आधी घरातल्या कपाटात शोधावे. तिथे बुरशी न लागलेली लेन्स सापडली, तर खर्च फक्त अॅडॅप्टरचा.